डायग्नोस्टिक 'पास' म्हणतंय, दुकानदार मदरबोर्ड गेला म्हणतो, मग खरं काय?

परभणीहून स्ट्रक्चरल डिझाईनचं ऑफिस चालवणाऱ्या एका भावाने विचारलंय. रिफर्बिश (वापरलेलं, दुरुस्त करून विकलेलं) घेतलेलं झिऑनचं, म्हणजे इंटेलच्या जड कामाच्या प्रोसेसरचं वर्कस्टेशन आहे, ६४ जीबी रॅम, सकाळी पहिल्यांदा चालू केलं की दोन-तीन वेळा नुसती काळी स्क्रीन, बटणाचा दिवा पिवळा लुकलुकतो, चौथ्यांदा मात्र काहीच झालं नाही असं चालू होतं आणि दुपारी रेंडर लावलं की फटकन बंद. चालू होतानाचं डायग्नोस्टिक (मशीनची स्वतःची तपासणी) चालवलं तर सगळीकडं हिरवी टिक, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. मशीनचं ऐकू का दुकानदाराचं?

भाऊ, दोघंबी अर्धवट बोलायलेत. मी जालन्यात २००१ पासून हेच काम करतोय आणि 'बोर्ड गेला' म्हणून माझ्याकडं आलेल्या मशीनमधले खरंच बोर्ड गेलेले लई कमी निघाले. डायग्नोस्टिकचं 'पास' म्हणजे मशीन चांगलं आहे असं नसतं, मी बघितलं तेवढ्या वेळात मला काही घावलं नाही एवढंच ते सांगतं. 'फेल' आलं तर बहुतेक वेळा खरं असतं, 'पास' आलं तर कधी चालवलं, किती वेळ चालवलं, कुठं ठेवून चालवलं हे विचारायचं. जुने डॉक्टर हिवतापाचं रक्त ताप चढलेला असतानाच घ्यायचे ना, तसंच आहे हे. तुमचं मशीन रडतं सकाळी गार असताना आणि दुपारी लोड असताना, आणि तुम्ही टेस्ट लावली (माझा अंदाज, चुकत असेल तर सांगा) संध्याकाळी निवांत, मशीन नीट चालू असताना. मग त्याला घावणार काय?

तुमच्या ह्या दोन तक्रारी आहेत, एक नाही. सकाळची वेगळी धरा, दुपारची वेगळी धरा. एकाच कारणाने दोन्ही होऊ शकतं पण आधीच तसं धरून चालू नका.

सकाळचं आधी. बटण दाबलं की पॉवर सप्लाय आधी आपले व्होल्टेज स्थिर करतो, मग बोर्डाला 'पॉवर गुड' नावाचा सिग्नल देतो, त्यानंतर प्रोसेसर जागा होतो आणि बायोसच्या (मशीन चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) चिपमधलं वाचायला लागतो. मग चिपसेट, मग रॅम, मग ग्राफिक्स कार्ड, मग कीबोर्ड-डिस्क वगैरे. ह्याला पोस्ट म्हणतात, पॉवर ऑन सेल्फ टेस्ट. हे झाल्याशिवाय विंडोजचा काही संबंधच येत नाही, म्हणून काळ्या स्क्रीनवर विंडोज फॉरमॅट मारून देणारा माणूस भेटला तर चहा पाजा आणि परत पाठवा. ग्राफिक्स कार्ड जागं व्हायच्या आधी काही अडलं तर मशीन स्क्रीनवर लिहू शकत नाही, तेव्हा त्याच्याकडं दिवा आणि बीप एवढंच तोंड असतं. तुमचा पिवळा दिवा म्हणजे तेच, ते बोलायलंय आणि आपण बटण दाबून त्याचं तोंड बंद करायलो.

तर उद्या सकाळी बटण दाबायच्या आधी मोबाईलचा व्हिडिओ चालू करा आणि दिव्यावर धरा. एक मिनिटभर तरी. किती वेळा पिवळा, किती वेळा पांढरा, मधी थांबतो का, परत तेच येतं का. तुम्ही कंपनी सांगितली नाही म्हणून मला माहीत असलेलं सांगतो. डेलच्या बऱ्याच नव्या मॉडेलवर २ पिवळे ३ पांढरे म्हणजे रॅम सापडलीच नाही, २ आणि ४ म्हणजे रॅम सापडली पण खराब, २ आणि १ म्हणजे प्रोसेसर. जुन्या टॉवरवर १-२-३-४ असे चार छोटे दिवे असतात, त्यातले कोणते पेटले ते बघायचं. एचपीच्या नव्या मशीनवर आधी लाल मोजायचे मग पांढरे, लाल ३ आले तर हार्डवेअरचं, ४ आले तर गरमीचं, ५ आले तर बोर्डाचं. लेनोव्होचं मॉडेलनिहाय बदलतं. प्रत्येक मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलात हा तक्ता असतो, कंपनीच्या साईटवर फुकट मिळतं, डब्याच्या मागच्या स्टिकरवरचा सर्व्हिस टॅग नाहीतर सिरीयल नंबर टाकला की झालं. दुसऱ्या मॉडेलचा तक्ता वापरू नका, एकच कोड दोन मॉडेलवर वेगळं सांगतो. असेंबल्ड असेल तर बीप मोजा, पण हल्ली बोर्डासोबत बीपचा स्पीकरच येत नाही, तो छोटा स्पीकर बाजारात पाच-पन्नास रुपयात मिळतो, घेऊन लावून ठेवा.

अजून एक, आणि हे लई जणांचं चुकतं. झिऑन आणि ईसीसी (स्वतःची चूक पकडणाऱ्या) रॅमवालं वर्कस्टेशन चालू व्हायला घरच्या पीसीपेक्षा वेळ घेतं. रॅम काढून घातली, बोर्डावरचा सेल बदलला, बायोस रिसेट केला की पहिल्यांदा ते रॅमचं सगळं गणित नव्याने बसवतं, एक मिनिट, कधी जास्त पण काळी स्क्रीन राहते. माणूस घाबरतो, बटण दाबून धरतो, परत चालू करतो, परत तेच. असं तीनदा केलं की ते म्हणणारच 'चौथ्यांदा चालू झालं'. दिवा एरर दाखवत नसेल आणि पंखा फिरत असेल तर दम धरा.

हा धडा मी स्वतः फुकटात शिकलेलो नाही. सुरुवातीच्या दिवसात एका कॉलेजच्या लॅबमध्ये सन कंपनीचं वर्कस्टेशन होतं, त्याच्या कीबोर्डवर डाव्या बाजूला स्टॉप नावाचं बटण असायचं. स्टॉप आणि डी धरून पॉवर दिली की ते सविस्तर तपासणीच्या मोडमध्ये जायचं. मी धरलं, स्क्रीन काळी ती काळीच, कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा नुसता उघडझाप करतोय. पंधरा मिनिटांनी मी जाहीर केलं की मशीन गेलं. तिथला जुना लॅब असिस्टंट हसला, मागच्या सिरीयल पोर्टला एक दुसरा पीसी जोडला, ९६०० बॉडच्या वेगावर टर्मिनल (नुसती अक्षरं दाखवणारी खिडकी) उघडलं, आणि तिथं सगळा पाढा ओळीने चालू होता, मेमरी बघतोय, कॅशे बघतोय, सगळं. मशीन बोलत होतं, मी भलतीकडं कान लावून बसलो होतो.

आता टेस्ट लावायची कशी. आधी तयारी, नाहीतर निम्मे लोक इथंच अडकतात. वायरचा साधा कीबोर्ड घ्या आणि डब्याच्या मागच्या यूएसबीत लावा, वायरलेस कीबोर्ड त्या वेळेला जागा असेलच असं नाही आणि मग 'एफ१२ दाबतो पण होईना' म्हणून बोंब. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच आहे ना बघा, झिऑन ई५ सारख्या प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्ले नसतोच. कंपनीच्या कामाचं मशीन असेल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर बायोसमध्ये काही बदलायच्या आधी त्याची ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा नाहीतर बिटलॉकर सस्पेंड करा. हे मी कळकळीने सांगतोय. रॅमची टेस्ट करायला गेला आणि दोन वर्षांच्या ड्रॉइंगला मुकला असा माणूस मी बघितलाय. आणि शटडाऊन केलं म्हणजे पूर्ण बंद झालं असं विंडोजमध्ये नसतं, फास्ट स्टार्टअपमुळं ते अर्धं झोपलेलं असतं, ते काढा. बायोसमध्ये फास्ट बूट असेल तर ते पण काढा, डेलमध्ये तिथं मिनिमल, थरो, ऑटो असं येतं, थरो ठेवा, मग पोस्टमध्ये काही टाळलं जात नाही.

मग डेलला एफ१२ दाबून मेन्यूतून डायग्नोस्टिक, एचपीला एस्केप आणि एफ२, लेनोव्होला बहुतेक एफ१० नाहीतर एफ१२ च्या मेन्यूतून. कंपनीचा लोगो यायच्या आधीपासून टकटक टकटक दाबत राहा, एकदाच दाबून वाट बघू नका. काही मॉनिटर इतके आळशी असतात की लोगो येऊन गेल्यावर जागे होतात, तरी दाबत राहा.

तुम्हाला जी हिरवी टिक आली ती बहुतेक पहिल्या छोट्या फेरीची. डेलमध्ये ही फेरी झाली की ते विचारतं, आतापर्यंत काही सापडलं नाही, उरलेली मेमरी टेस्ट करू का, अर्धा तास किंवा जास्त लागेल. आणि आपला माणूस घड्याळ बघून 'नो' दाबतो. खरी टेस्ट तीच होती राव! एचपीमध्ये फास्ट टेस्ट दोन-चार मिनिटांची आणि एक्स्टेन्सिव्ह टेस्ट दोन तास नाहीतर जास्त, तिथं 'एरर येईपर्यंत फिरवत राहा' असा पण पर्याय आहे, तो वापरा. टेस्ट चालू असताना पंखे एकदम जेसीबीसारखे ओरडतात, घाबरू नका, तो पंख्याचीच टेस्ट घेतोय. मधी रंगीत पट्टे दाखवून नाहीतर आवाज वाजवून विचारतं की दिसलं का, ऐकू आलं का, तिथं उत्तर द्यायला माणूस लागतो. चहाला गेला आणि उत्तर दिलं नाही तर ते फेल लिहून ठेवतं, आणि मग ग्राफिक्स कार्ड गेलं म्हणून फोन येतो. फेल आलं तर एरर कोड आणि त्याखालचा सगळा नंबर फोटो काढून ठेवा, वॉरंटीत तोच लागतो.

ही लांब टेस्ट तुम्ही दोनदा लावा. एकदा सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या गार मशीनवर, पहिल्याच प्रयत्नात चालू झालं तर. आणि एकदा दुपारी, रेंडर चालवून मशीन तापवून, बंद पडलं की लगेच त्याच गरम मशीनवर.

रॅमसाठी मी कंपनीच्या टेस्टवर थांबत नाही. मेमटेस्ट८६ प्लस फुकट आहे, पेन ड्राईव्हवर टाकून त्यावरून बूट करायचं, नव्या यूईएफआय (नव्या प्रकारचा बायोस) मशीनसाठी ६ च्या पुढची आवृत्ती घ्या. सिक्युअर बूटने (अनोळखी प्रोग्रामवरून मशीन चालू होऊ न देणाऱ्या सोयीने) अडवलं तर तो तेवढ्यापुरता बंद करावा लागेल, म्हणूनच वर बिटलॉकरचं बोललो. पासमार्कचं मेमटेस्ट८६ वेगळं, नाव सारखं आहे म्हणून गोंधळ होतो, त्याची फुकट आवृत्ती चार फेऱ्यांवर थांबते पण तेवढं बास आहे. ६४ जीबीला एक फेरीच कित्येक तास घेईल, रात्रभर लावून घरी जा. रॅममध्ये एक एरर म्हणजे पण एररच, 'एकच तर आहे' असं चालत नाही, त्या एका बिटवर तुमच्या कॉलमच्या सळईचा आकडा असू शकतो. पण तुमची रॅम बहुतेक ईसीसी असेल, आणि ईसीसी एका बिटची चूक गुपचूप दुरुस्त करते, त्यामुळं टेस्ट पास दिसते आणि आत कांडी (रॅमची पट्टी) हळूहळू मरत असते. म्हणून बायोसमधला इव्हेंट लॉग वाचा, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगर (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) नावाने काही येतंय का बघा. तिथंच कर्नल-पॉवर ४१ दिसेल, त्याला बघून घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. का पडलं ते त्याला पण माहीत नसतं.

एरर आली तर लगेच नवी रॅम घेऊ नका. वायर काढा, बटण दाबून उरलेली पॉवर जाऊ द्या, डब्याच्या लोखंडाला हात लावा, एकेक कांडी काढून पुसा, मॅन्युअलात सांगितलेल्या पहिल्या स्लॉटात एकच ठेवून चालवा. मग तीच कांडी दुसऱ्या स्लॉटात. चूक कांडीसोबत फिरते का स्लॉटसोबत थांबते, एवढंच शोधायचंय. कांडीसोबत फिरली तर कांडी गेली, स्लॉटात थांबली तर स्लॉट, धूळ, नाहीतर प्रोसेसरच्या सॉकेटची पिन. आपल्याकडं जिनिंगचा कापूस आणि रस्त्याचा फुफाटा स्लॉटात इतका बसतो की मी पहिल्या सर्व्हिसिंगला कधी रॅम बदलतच नाही. खोडरबर घासायचा का म्हणून विचारतात, मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड वापरतो, नसेलच तर मऊ खोडरबर हलक्या हाताने, आणि त्याचा चुरा स्लॉटापासून लांब झटका. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. रिफर्बिश मशीनमध्ये अजून एक घोळ असतो, विकणाऱ्याने मिळेल त्या कंपनीच्या कांड्या भरलेल्या असतात, वेगळ्या स्पीडच्या, कधी स्लॉटांचा क्रमच चुकवून. हे एकदा मॅन्युअलाशी ताडून बघाच. माझा पैसा लावायचा असेल तर तुमच्या सकाळच्या तक्रारीवर मी रॅमवरच लावीन.

आणि बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, मल्टीमीटरने मोजा. तीनच्या आसपास पाहिजे, २.७ च्या खाली असेल तर बदला. तारीख-वेळ मागं जात असेल तर मोजू पण नका, बदलूनच टाका.

डिस्कचं थोडक्यात सांगतो, कारण तुमची तक्रार डिस्कची वाटत नाही. डेलवर २०००-०१४२ आलं म्हणजे हार्डडिस्कची स्वतःची तपासणी फेल, आधी बॅकअप, बाकी सगळं नंतर. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून ०५, सी५, सी६ ह्या ओळी (डिस्कवरच्या खराब जागांचे आकडे) बघा, आकडा वाढत चालला असेल तर डिस्क चालली. सी७ वाढत असेल तर आधी साटा केबल बदला, डिस्क फेकू नका.

आता दुपारचं. लोडवर फटकन बंद, निळी स्क्रीन नाही, काही नाही, म्हणजे मी आधी पॉवर आणि गरमी बघतो. कंपनीचं डायग्नोस्टिक प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही एकदम ताणून पॉवर सप्लायची परीक्षा घेत नाही, रेंडर घेतं. म्हणून तुमचं रेंडर हीच खरी टेस्ट. बऱ्याच ब्रँडेड टॉवरच्या पॉवर सप्लायवर मागं छोटं बटण आणि हिरवा दिवा असतो, दाबल्यावर दिवा लागला तर सप्लाय निदान जिवंत आहे. पण जिवंत असणं वेगळं आणि भार उचलणं वेगळं. मल्टीमीटर असेल तर लोडवर १२ व्होल्टची लाईन ११.४ ते १२.६ मध्ये राहिली पाहिजे. हिरवी-काळी वायर जोडून सप्लाय चालू करायचा यूट्यूबवाला जुगाड ब्रँडेड मशीनवर करू नका, त्यांचे कनेक्टर वेगळे असतात.

यूपीएस कोणता आहे ते पण सांगा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, झिऑन आणि ग्राफिक्स कार्ड एकदम ओढायला लागले की तो हात वर करतो आणि शिव्या मशीनला बसतात. एकदा यूपीएस काढून थेट भिंतीवरच्या सॉकेटात लावून रेंडर करून बघा, लाईट जायची भीती वाटत असेल तर फाईल सेव्ह करून. गरमीचं म्हणाल तर मे महिन्यात खोलीतच ४० असतं, मशीन हवा खाणार तीच ना. हीटसिंक कधी उघडलं होतं, पेस्ट किती जुनी आहे हे रिफर्बिशवाल्याला पण माहीत नसतं, एकदा बदलून घ्या.

आणि अर्थिंग. हे डायग्नोस्टिकच्या कुठल्याच स्क्रीनवर येत नाही. इथं जालन्यात एका रोलिंग मिलच्या ऑफिसातलं मशीन मी तीनदा दुकानात आणलं, तीनदा रात्रभर टेस्ट लावली, तीनदा पास, आणि तिकडं नेलं की दिवसातून चार वेळा रिस्टार्ट. चौथ्यांदा मी मशीन आणलंच नाही, मीटर घेऊन मीच गेलो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजलं तर १८ व्होल्ट! चांगल्या ठिकाणी हा आकडा दोन-तीनच्या आत असतो. एप्रिल होता, काळी जमीन भेगाळलेली, अर्थिंगचा खड्डा पार कोरडा ठणठणीत. दोन घागरी पाणी ओतलं, संध्याकाळपर्यंत आकडा निम्म्यावर आला, नंतर त्यांनी नवीन खड्डा करून घेतला, मशीन आजपण तेच चालू आहे. तुमची परभणी पण काळ्या मातीचीच, तेव्हा सॉकेटवर एकदा मोजून घ्या. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, तिन्ही. मीटर वापरायची सवय नसेल तर वायरमनकडून मोजून घ्या, चालू लाईनीत स्वतः हात घालू नका. आणि मशीन दुकानात नेऊन टेस्ट करायच्या आधी जिथं बसवलंय तिथंच टेस्ट करा.

मग बोर्ड कधी म्हणायचा? एकच चांगली कांडी, दुसरा चांगला पॉवर सप्लाय, दुसरं ग्राफिक्स कार्ड, नवा सेल, बाकी सगळं काढलेलं, आणि तरी दिवा तोच कोड देतोय, तर मग बोर्ड नाहीतर प्रोसेसर. ह्यातलं दुकानदाराने काय काय बदलून बघितलं ते त्याला विचारा. 'अनुभवावरून सांगतो' म्हणाला तर मशीन घेऊन या परत. मीपण अनुभवावरूनच रॅम म्हणालोय, पण मी तुम्हाला रॅम विकत नाही, नुसती काढून घालायला सांगतोय.

सकाळचा दिव्याचा व्हिडिओ, मॉडेलचा नंबर, यूपीएस किती व्हीएचा आणि सॉकेटवरचे तीन आकडे, एवढं पाठवा. तोवर मदरबोर्डाचा ॲडव्हान्स देऊ नका.